ओढ्यावरचा घरचा मातीचा बांध मीटरभर उंच करावा का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो जसा समजला तसा आधी मांडतो, काही चुकत असेल तर तिथंच सांगा.

शिराळा तालुक्यात डोंगराच्या अंगाला तुमची जमीन. आजोबांनी भावकीला हाताशी धरून चाळीसेक वर्षांपूर्वी ओढ्याला आडवा मातीचा बांध घातला, खालच्या वस्तीत आणि भाताच्या खाचरांत लोंढा शिरू नये म्हणून. बांध मध्यावर 5 मीटर उंच, लांबी 70 मीटर. भरला की पाणी एकरभर पसरतं, पोटाशी 4 मीटर खोल. एका कडेला 3 मीटर रुंदीचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. वरून साधारण 100 एकरांचं पाणी येतं. 2019 आणि 2021 या दोन्ही पावसाळ्यांत पाणी माथ्याच्या वीतभर खाली येऊन थांबलं. आता जेसीबीवाला म्हणतो, 40 तास द्या, मीटरभर उंची वाढवून देतो. बांधाच्या मागच्या पायथ्याला बारा महिने ओल असते, माथ्यावर बाभळी आणि करंज माजलेत, खालची पाच घरं 'काहीतरी करा' म्हणून तुमच्या मागे लागलीत. आणि शेवटी, जाता जाता, तळ्यात मासे सोडावेत का असंही विचारलंय.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. उंची वाढवू नका. आहे त्या उंचीवर सांडवा चौपट रुंद करा, पायथ्याची ओल पावसाळ्याआधी तपासा आणि जून ते सप्टेंबर तळं अर्धं रिकामं ठेवायची घरात सगळ्यांची तयारी आहे का ते विचारा. नसेल तर तो पुराचा बांध नाही, साठवण तलाव आहे, आणि मग त्याच्याकडे तशाच नजरेने बघावं लागेल.

मी 31 वर्षं पाझर तलाव, नाला बांध आणि लघुपाटबंधाऱ्याच्या कामांवर काढली. माण-खटावच्या कोरड्या नाल्यांपासून पाटणच्या चिखलापर्यंत सगळं बघितलं, शेवटची काही वर्षं सांगलीत. पण तुमचा बांध मी पाहिलेला नाही. आजोबांनी पोटात कुठली माती घातली, पायाचा चर कातळापर्यंत नेला की मुरमावरच थांबवला, थर दाबायला रोळ होता की बैलं फिरवली, हे इथे बसून कळत नाही. 40 वर्षं उभा आहे म्हणून पक्का समजू नका, आणि ओल दिसते म्हणून उद्याच फुटणार असंही नाही. खाली जे आकडे देतो ते तुम्ही दिलेल्या मापांवरचे आहेत. माप चुकलं तर उत्तर चुकेल.

पहिली गोष्ट, पूर कुठला? सांगली जिल्ह्यात 2019 म्हटलं की डोळ्यांसमोर आयर्विन पूल येतो. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आणि त्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांवर गेली. पण ते नदीचं पाणी. कृष्णा-वारणेचा फुगवटा खालून वर सरकतो, ओढे तोंडाशी तुंबतात आणि पाणी दिवसच्या दिवस हलत नाही. त्या पाण्याला वरच्या अंगाचा बांध काही करू शकत नाही. तुमचं वर्णन वेगळं आहे. पाणी डोंगराकडून येतं, तास-दोन तास धिंगाणा घालतं आणि ओसरतं. हा ओढ्याचा लोंढा. इथं लहान बांधाचा उपयोग होऊ शकतो. किती होतो ते आता कागदावर मांडू.

100 एकर म्हणजे 40 हेक्टर. एका रात्रीत 100 मिलिमीटर पाऊस झाला, तुमच्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि त्यातलं 60 टक्के पाणी वाहून आलं तर 24,000 घनमीटर होतं. तुमचं तळं एकरभर आणि पोटाशी 4 मीटर. कडेकडेला ते उथळ होत जातं, म्हणून साठा क्षेत्रफळ गुणिले खोलीचा साधारण तिसरा हिस्सा धरायचा. तो येतो 5,400 घनमीटर. म्हणजे तळं अगदी ठणठणीत कोरडं असलं तरी त्या रात्रीच्या पाण्याचा चौथा हिस्साही त्यात मावत नाही. आणि जुलैच्या मध्यावर तुमचं तळं कोरडं असतं का? भरून सांडव्यावरून वाहत असतं. भरलेल्या तळ्यात मावणारं पाणी जवळजवळ शून्य. वरून येईल तेवढं खाली जाणार.

लोंढ्याचा वेग बघा. लहान पाणलोटाला दिवसभराचा पाऊस मारत नाही, पंधरा-वीस मिनिटांची सर मारते. तासाला 100 मिलिमीटर या दराने ती सर कोसळली तर 40 हेक्टरांवरून सेकंदाला साधारण 6.7 घनमीटर पाणी येतं. आम्ही याला क्युमेक म्हणतो. मिनिटाला 400 घनमीटर. या दराने तुमचं रिकामं तळं 13 मिनिटांत भरतं.

आता जेसीबीवाल्याचा मीटर यात बसवा. सांडव्यासकट उंची वाढवली तर वरच्या मीटरभरात आणखी 4,500 घनमीटरच्या आसपास पाणी राहील. अकरा मिनिटं. या अकरा मिनिटांच्या बदल्यात पाच घरांच्या डोक्यावर तुम्ही जवळजवळ दुप्पट पाणी टांगून ठेवणार. शिवाय उतार आतून 1:2.5 आणि बाहेरून 1:2 ठेवायचा तर मीटरभर उंचीमागे पायथा साडेचार मीटरने रुंद व्हायला हवा. जेसीबीवाला पायथ्याला हात लावणार नाही, तो माथ्यावर टोपी चढवेल. जुनं गवत न खरवडता, पायऱ्या न काढता, पाणी न मारता टाकलेली ती माती जुन्या मातीशी कधीच जमत नाही. दोन्हींच्या मधल्या फटीतून पहिल्याच पावसाळ्यात पाणी वाट काढतं. आणि जेसीबी चार वेळा फिरवला म्हणजे दबाई झाली, ही समजूत मी आजवर किती ठिकाणी ऐकली त्याची मोजदाद नाही. दबाई म्हणजे वीतभराहून जाड नसलेला थर, मुठीत दाबल्यावर लाडू वळेल पण हाताला पाणी लागणार नाही इतकी ओल, आणि वर रोलर.

सांडवा आहे तिथंच ठेवून फक्त माथा उंच केला तर? ते वाईट नाही. ती साठवण नसून मोकळी उंची असते, तिला फ्री बोर्ड म्हणतात, आणि ती जितकी असेल तितकी हवीच. पण त्याच पैशात सांडवा रुंद केला तर फायदा कितीतरी जास्त.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो त्याला एक रात्र कारणीभूत आहे. गाव सांगत नाही. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका शेतकऱ्याने असाच खासगी बांध घातला आणि मला सल्ला विचारला. हिशेबाने सांडवा 9 मीटरचा येत होता. शेजाऱ्याच्या वावराचे दोन गुंठे त्यात जात होते आणि शेजारी ऐकेना. शेवटी 5 मीटरवर तोड निघाली, आणि मी 'चालेल' म्हणालो. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्री साडेदहाला निरोप आला. पोहोचलो तेव्हा पाऊस उघडला होता, पण ओढा गर्जत होता. रब्बीला फूटभर पाणी जास्त मिळावं म्हणून मालकाने सांडव्यावर मातीची पोती रचलेली. आणि बांधाच्या माथ्यावरून बैलगाडी जायची, तिच्या चाकोरीने एका जागी आठेक इंच खड्डा झाला होता. पाणी बरोबर तिथून ओलांडत होतं. बॅटरीच्या उजेडात मनगटाएवढी धार मागच्या उताराच्या गवतावरून घरंगळताना दिसली. आम्ही पोती ओढायला धावलो. तेवढ्यात गवताचा एक गादीएवढा तुकडा सुटला आणि खालची माती उघडी पडली. मग धार खाली पडायची, पायथा खणायची, वरचं ढेकूळ ढासळायचं आणि धार मागे सरकायची. प्रत्येक ढेकळाचा धप्प असा आवाज. धार माथ्याच्या आतल्या काठाला भिडल्यावर पुढचं सगळं पाच-सहा मिनिटांत झालं. गोठा गेला, दोन जनावरं गेली. माणसं वेळेत उठली होती म्हणून वाचली. ओढ्याला एरवी जो पूर आला असता त्याच्या कित्येक पट पाणी एकदम खाली गेलं. बांध नसता तर तो गोठा कदाचित आजही उभा असता. शेजाऱ्याला आणि पोत्यांना बोल लावता येतो, पण त्या पाच मीटरना मान डोलावली ती मी.

मातीचा बांध पाणी अंगावर घेतो, डोक्यावर घेत नाही. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती बहुतेक वेळा टिकते. मातीवरून गेलं की संपलं. म्हणून बांधाची खरी उंची म्हणजे त्याच्या माथ्याची सगळ्यात खालची जागा. ती मोजायला इंजिनिअर लागत नाही. गवंड्याची पाण्याची नळी घ्या, दोघे जण माथ्यावर दर तीन मीटरला पातळी घेत जा आणि सांडव्याच्या उंबऱ्यापासून, म्हणजे पाणी ज्या पातळीला बाहेर वाहायला लागतं त्या कडेपासून, प्रत्येक जागा किती वर आहे ते वहीत लिहा. 40 वर्षांत मध्यभाग खचलेला असणार, तिथंच भर सगळ्यात उंच असते. हा खचलेला भाग मूळ पातळीला आणणं एवढं मातीकाम मात्र जरूर करा, वर सांगितलं तसं खरवडून, थराथराने. सगळ्यात वर काळी माती ठेवू नका. उन्हाळ्यात ती फाटते आणि बांधाला आडव्या गेलेल्या भेगा म्हणजे पाण्याला आयत्या मोऱ्या. वर वीतभर मुरूम घाला.

आता सांडवा. तुमच्याच ओढ्याने दिलेला पुरावा आधी वापरू. उंबऱ्यापासून माथा 1 मीटर आणि पाणी माथ्याच्या वीतभर खाली, म्हणजे उंबऱ्यावर 80 सेंटिमीटर पाणी होतं. 3 मीटर रुंदीतून त्या खोलीला साधारण 3.6 क्युमेक जातात. म्हणजे 2021 ला ओढ्याने आणलं ते जवळपास एवढंच. पाणी अगदी माथ्याला टेकलं तरी तुमचा सांडवा 5 क्युमेकच्या वर देऊ शकत नाही, आणि वरच्या हिशेबाची सर आली तर येणार 6.7. दोनदा वाचलात ते बांध पुरेसा होता म्हणून नव्हे, सर थोडी कमी पडली म्हणून.

किती धरायचं यावर दोन मतं आहेत. 6.7 हा आकडा साध्या सूत्राचा: पाऊस, क्षेत्रफळ आणि वाहून येणारा हिस्सा यांचा गुणाकार. आमच्या खात्यात घाटातल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांना जुन्या मुंबई इलाख्यापासून चालत आलेलं इंग्लिसचं सूत्र लावतात. ते 40 हेक्टरांना 15 क्युमेक देतं. इतक्या छोट्या ओढ्याला ते जरा सढळच, असं माझं मत. पण 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला चोवीस तासांत 590 मिलिमीटरच्या वर पाऊस पडलेला आपण पाहिलाय आणि त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आले, तेव्हा कमी धरायची हिंमत मला होत नाही. खाली घरं नसती तर 7 वर थांबलो असतो. घरं आहेत, म्हणून 12 धरा.

लक्षात ठेवायला सोपं गणित: उंबऱ्यावर 70 सेंटिमीटर पाणी असेल तर रुंदीच्या दर मीटरमागे 1 क्युमेक जातो. 12 क्युमेकला 12 मीटर. वर 30 सेंटिमीटर मोकळी उंची उरते, खचलेला माथा भरून काढल्यावर आणखी थोडी. ही 12 मीटर रुंदी बांधाच्या मातीत कापायची नाही, कडेच्या मूळ जमिनीत, पक्क्या मुरमात किंवा कातळात कापायची. उंबऱ्याला जमिनीत दीड-दोन फूट गेलेली काँक्रीटची आडवी भिंत घाला, म्हणजे पाणी त्याला खणत मागे येणार नाही. आणि सांडव्याचं पाणी बांधाच्या पायथ्याला न शिवता लांबून ओढ्यात सोडा, उतार जास्त असेल तिथं जाळीत बांधलेले दगड. सगळं मिळून पाचेक गुंठे जमीन जाईल. ऊस असेल तर जीव तुटेल, मला माहीत आहे. पण माझ्या त्या जुन्या बांधाने दोन गुंठे वाचवले होते.

आता ओलीकडे वळू, कारण बांध मरतो तो एकतर डोक्यावरून किंवा पोटातून. प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतो, तो त्याचा धर्मच आहे. प्रश्न दोनच: पाणी स्वच्छ येतं का, आणि वाढतंय का. ओलीच्या जागी छोटा चर काढून पाणी एका जागी आणा आणि तिथं बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. शेजारी तळ्याची पातळी लिहा. आठवड्यातून एकदा, एकाच वारी. तळं तेवढंच असताना बादली लवकर भरायला लागली तर सावध व्हा. दुसरं, काचेच्या बाटलीत ते पाणी भरून रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर बसला असेल तर बांधाच्या पोटातली माती पाण्याबरोबर बाहेर येतेय. याला आम्ही पायपिंग म्हणतो. आत बोगदा तयार होत असतो आणि तो मागून पुढे, तळ्याच्या दिशेने वाढत जातो. तसं दिसलं तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका, तळं उतरवायला घ्या आणि खालच्या घरांना सांगा.

एक चूक सर्रास होते. ओल दिसली की लोक बाहेरच्या बाजूने काळी माती, सिमेंट किंवा प्लॅस्टिक लावून ती बुजवतात. असं कधीही करू नका. पाणी थांबत नाही, आतल्या आत तुंबून दुसरीकडे फुटतं. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं. त्यासाठी ओलीच्या जागेवर आधी फूटभर स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, सगळ्यात वर दगड. गाळणीच ती. पाझर चालू राहतो, माती जागची हलत नाही.

मातीची परीक्षा घरीच होते. बांधाच्या मागच्या उतारावरून, हातभर खोलातून, वाटाण्याएवढं ढेकूळ काढा आणि पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. ढेकूळ बसकण मारून तळाशी पसरलं तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा गढूळपणा उठला आणि तासाभरातही बसला नाही, तर ती माती पाण्यात विरघळल्यासारखी पसरणारी आहे. वाळवा-मिरजेकडच्या शेतकऱ्याला चोपण जमीन सांगावी लागत नाही, त्याच जातीची. डोंगराच्या अंगाला ती सहसा नसते, पण आजोबांनी माती कुठून आणली ते कोणाला ठाऊक? अशी माती निघाली तर वरची वाळूची गाळणी वैकल्पिक राहत नाही.

बांधातून जुना पाइप गेलाय का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर ओल त्याच्या आसपास आहे का, हे सगळ्यात आधी बघा. पाइपाच्या अंगाला माती नीट दाबता येत नाही आणि पाणी त्याच्या कडेने सरकतं. पानशेतही मातीचंच धरण. 12 जुलै 1961 ला ते गेलं त्याची सुरुवात तळातल्या अर्धवट राहिलेल्या विमोचकातून, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीतून झाली. त्याच्या वरचा बांध खचत गेला, जवान रात्रभर पोती रचत राहिले आणि शेवटी पाणी माथ्यावरून गेलं. एवढ्या मोठ्या धरणाचं दुखणं आणि तुमच्या सहा इंची पाइपाचं दुखणं एकाच जातीचं. तोंड बंद न होणारा जुना पाइप असेल तर तळं कोरडं असताना दोन्हीकडून उघडून, आत सिमेंटची लापशी भरून कायमचा बंद करा. नवीन पाइप बांध फोडून घालू नका.

बिळांचंही असंच. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली आणि नंतर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं. खेकडा भोक पाडतो हे खोटं नाही, घाटाच्या पायथ्याच्या बांधांवर मी मूठभर व्यासाची बिळं पाहिली आहेत. पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. भोक खेकड्याने पाडलं तरी ते बुजवायचं काम त्याचं नसतं. तुम्ही शिराळ्याचे, नागाबद्दल मी काय सांगणार? एवढंच की बांधावर नाग दिसायला लागला की समजा, खाली उंदीर-घुशी आहेत. नाग स्वतः बीळ खणत नाही, आयत्या घरात राहतो. बिळं उन्हाळ्यात शेवटापर्यंत खणून, ओल्या मातीने ठोकून बुजवा. वारुळं पण.

झाडांबाबत घाई नको. मनगटाहून बारीक खोडं मुळासकट काढा. मोठी बाभूळ किंवा करंज पावसाळ्याच्या तोंडावर उपटला तर हातभर खड्डा आणि सैल माती उरते. नुसता तोडला तर मुळं चार-पाच वर्षांत कुजून पोकळ नळ्या होतात. म्हणून मोठी झाडं जानेवारी-फेब्रुवारीत काढा, बुंधा आणि जाड मुळं खणा, खड्डा थरांनी दाबून भरा. त्याजागी हरळी लावा. हरळीसारखं स्वस्त पिचिंग, म्हणजे उताराची माती धरून ठेवणारं अस्तर, दुसरं नाही. आणि गाळ काढायला पोकलेन आणलात तर बांधाच्या आतल्या पायथ्यापासून पंधरा मीटर त्याला फिरकू देऊ नका. तिथला जुना गाळ हीच तुमची पाझर अडवणारी चादर आहे. ती उकरून खोल केलेली तळी पुढच्याच वर्षी मागून गळताना मी पाहिली आहेत.

तळं रिकामं ठेवायचं कसं? सायफनने. ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल ओढता तसंच, फक्त सहा इंची पाइप. माथ्यावरून टाकायचा, दोन्ही टोकांना झडप, माथ्यावरच्या तोंडातून पाणी भरून हवा काढायची आणि खालची झडप उघडायची. दोन-अडीच मीटरच्या पातळीफरकावर सेकंदाला 30 लिटरच्या आसपास पाणी जातं, दिवसाला अडीच हजार घनमीटर. वीज लागत नाही आणि बांधाला भोक पडत नाही. मात्र पूर्ण उघडून सोडून देऊ नका. तळं दिवसाला फूटभरापेक्षा वेगाने उतरवलं तर आतल्या उताराची भिजलेली माती पाण्याच्या आधाराविना घसरते. झडप अर्धी ठेवा. जूनमध्ये तळं अर्ध्यावर आणा, दर उघडिपीत पुन्हा अर्ध्यावर आणा, आणि गणपती उठले की भरू द्या. परतीच्या पावसाने बहुधा भरतं. एखाद्या वर्षी भरणार नाही, तेव्हा घरात भांडण होईल. ते भांडण आत्ता, मे महिन्यातच करून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागतो, तुमच्या बांधाला नाही. म्हणजे तपासायला कोणी येणार नाही, मालक तुम्हीच आणि तपासनीसही तुम्हीच. पण सातबारा तुमचा असला तरी ओढ्याचं पात्र सर्वसाधारणपणे सरकारचं असतं, त्यामुळे काम काढण्याआधी तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि जिल्हा परिषदेच्या किंवा मृद व जलसंधारण विभागाच्या अभियंत्याला जागेवर आणा. साठवलेलं पाणी सुटून खालच्याचं नुकसान झालं तर दावा साठवणाऱ्यावर येतो. म्हणूनच बादलीची नोंदवही जपा. उद्या कोणी विचारलंच तर हातात दाखवायला काहीतरी असेल.

पावसाळ्यात दोन माणसं ठरवून ठेवा. सांडव्यावर पाणी गुडघ्याला लागलं की एकाने बांधावर थांबायचं आणि दुसऱ्याने पाच घरं उठवायची, फोनवर नव्हे, दारात जाऊन. पाणी माथ्याच्या वीतभर खाली आलं की घरं रिकामी, मग चर्चा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 नंबर भिंतीवर लिहा. कोयनेकडचा धक्का जाणवला की दुसऱ्या दिवशी उजेडात माथ्यावरून एक फेरी मारा, भेग आहे का बघायला.

राहिले मासे. खुशाल सोडा, बांधाला त्यांचा काही त्रास नाही. अर्ध्या तळ्यातही कटला-रोहू वाढतात. पण पुरात मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावायची इच्छा तुम्हाला होणार, सगळ्यांनाच होते. पहिल्याच लोंढ्यात पालापाचोळा, उसाचं पाचट, फांद्या येऊन जाळीला चिकटतात आणि तासाभरात 12 मीटरच्या सांडव्याची भिंत होते. जाळी लावायचीच असेल तर सांडव्याच्या खाली, ओढ्यात लावा. काही मासे जातील. खालच्या पाच घरांना आयते मिळतील.